विनिपेगला केलेली चौकशी

सदतीस वर्षं कस्टम्समध्ये काढलेल्या माणसाला प्रवासाची मजा लुटता येत नाही. समोर डोंगर असो की माणूस, आत काय दडवलंय याचा अंदाज घ्यायची खोड काही जात नाही. २००९ च्या जून-जुलैत मी आणि मंदा, म्हणजे आमची ही, कॅनडात सहा आठवडे राहून आलो. आल्यापासून जो तो विचारतो, नायगारा कसा होता? चांगला होता, पाणी भरपूर आहे. पण मला सांगायचंय ते विनिपेगचं, आणि तिथे मी जो उद्योग करून ठेवला त्याचं.

एटोबिको

टोरांटोच्या विमानतळावर एका तरुण सरदारजी अधिकाऱ्याने आमची बॅग उघडायला लावली. गोड्या मसाल्याची पुडी हातात घेऊन त्याने विचारलं, "अंकल, ये क्या है?" मी सांगेपर्यंत त्याने ती हुंगली, तीन शिंका दिल्या आणि हसत आम्हाला सोडून दिलं. दुसऱ्या बॅगेकडे पाहिलंही नाही. मी त्याच्या जागी असतो तर दुसरी आधी उघडली असती.

आमची मुलगी मुग्धा टोरांटोच्याच एटोबिको भागात चौदाव्या मजल्यावरच्या कॉन्डोत राहते. गॅलरीतून उतरणारी विमानं दिसतात. पहिले आठ दिवस तिने आमचे फार लाड केले. वीकेंडला फिरवणं, रोज ग्रोसरीला नेणं, आईसाठी ताजी मेथी शोधून आणणं. एवढं कौतुक पाहून माझ्या मनात पाल चुकचुकली. नवव्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, मला तुमच्याशी सिरियसली बोलायचंय."

मुलाचं नाव ग्लेन हायाशी. तिच्याच ऑफिसात इंजिनिअर, कॅनडात जन्मलेला, मूळ जपानी. संध्याकाळी तो जेवायला आला. उंच, चष्मेवाला, कमी बोलणारा. ताट समोर येताच त्याने हाताने वरणभात कालवायला घेतला आणि मंदा तिथेच विरघळली. मला मात्र तो पढवून आणलेला साक्षीदार वाटला.

जपानी म्हटलं की आमच्या घरात रंगूनच्या काकांची आठवण निघते. काका तिथे एका पेढीवर कारकून होते. बेचाळीसच्या सुमाराला जपान्यांचे बाँब पडू लागले तेव्हा जंगलातून चालत निघाले, ते पायाची दोन बोटं गमावून घरी पोचले. माझ्या मनगटावर जपानी घड्याळ आहे आणि ते उत्तम चालतं, पण मुलगी देणं वेगळं.

"घरी कोण कोण असतं?" मी ग्लेनला विचारलं.

उत्तर मुग्धाने दिलं. "ग्रँडपांनी वाढवलंय त्याला. तो दहा वर्षांचा असताना डॅड गेले. आईने रीमॅरी केलं, ती ऑस्ट्रेलियात असते. ग्रँडपा विनिपेगला असतात, एकटेच."

"मूळचे तिथलेच?"

"नाही, व्हँकुव्हर साइडचे. वॉरच्या वेळी मूव्ह व्हावं लागलं. समुद्राजवळच्या सगळ्याच जॅपनीज लोकांना गव्हर्नमेंटने हलवलं होतं."

ग्लेनने मान डोलावली आणि इंग्रजीत पुस्ती जोडली, की पणजोबांना मात्र बाकी कुटुंबापासून वेगळं, दूर कुठल्याशा छावणीत ठेवलं होतं. का, ते त्यालाही माहीत नव्हतं. आजोबा त्या विषयावर बोलत नाहीत, एवढंच तो म्हणाला.

मी आमटीची वाटी खाली ठेवली. सगळ्यांना हलवलं हे समजू शकतो, पण एकालाच वेगळं काढलं म्हणजे काहीतरी असणार. सरकार उगीच कुणाच्या नावापुढे खूण करत नाही, असं मी नोकरीभर मानत आलो होतो. "आपण विनिपेगला जाऊ," मी जाहीर केलं. "त्या आजोबांना भेटल्याशिवाय मी हो म्हणणार नाही." मुग्धाला ते प्रेमाचं लक्षण वाटलं. तिने लगेच तिकिटं काढली.

विनिपेग, शुक्रवार

विनिपेगइतकं सपाट गाव मी पाहिलेलं नाही. रस्त्याच्या टोकाला उभं राहिलं की पुढे आभाळच. डास मात्र आपल्याकडच्यांपेक्षा दांडगे. गाडीतून उतरून घरात शिरेपर्यंत माझ्या टकलावर चार टेंगळं उठली. आजोबांनी काही न बोलता मलमाची डबी पुढे केली. त्यांची ओळख ही अशी झाली.

वय चौऱ्याऐंशी, अंगाने किरकोळ, पाठ ताठ. दारात चपला काढायची पद्धत, त्यामुळे मंदाला घर आपलं वाटू लागलं. स्वयंपाकघरात एका बरणीत मुळा मुरत घातलेला होता, वर झाकणी आणि झाकणीवर नदीतला गुळगुळीत दगड. मंदाने दगड उचलून पाहिला, आजोबांनी तिला एक फोड चाखायला दिली, आणि मग दोघांची इंग्रजीचे तुकडे आणि हातवारे यांवर जी लोणच्याची चर्चा जुंपली ती अर्धा तास चालली. मागच्या अंगणात वाफे इतके सरळ की दोरी लावून आखल्यासारखे.

मी घर पाहत होतो. भिंतीवर फोटो होते, पण सगळे विनिपेगला आल्यानंतरचे. त्याआधीचा एकही नाही. हात धुवायला वॉशरूम विचारली तेव्हा ग्लेनने बेसमेंटमधली दाखवली, आणि तिथे फ्रीझरच्या मागे मला कुलूप घातलेली एक पत्र्याची ट्रंक दिसली. एकट्या म्हाताऱ्याच्या घरात कुलूप कशाला, हा प्रश्न मी मनात टिपून ठेवला.

जेवताना आजोबांनी विचारलं, "तुम्ही काय काम करत होता?"

"कस्टम्समध्ये होतो, मुंबई बंदरात," मी जरा अभिमानानेच म्हणालो. "आलेला-गेलेला माल तपासणं, कागद तपासणं."

त्यांच्या हातातल्या जेवायच्या काड्या थांबल्या. त्यांनी त्या आडव्या ठेवल्या, "असं का," म्हणाले आणि चहा आणायला उठले. परत आल्यावर ते मंदाशी बोलले, मुग्धाशी बोलले. माझ्याशी नाही. कस्टम्सचं नाव काढल्यावर गप्प होणारी माणसं मी जन्मभर पाहिली होती. माझी खात्री पटत चालली.

शनिवार

दुसऱ्या दिवशी ग्लेन आम्हा सगळ्यांना गावाबाहेर घेऊन गेला. दोन्ही बाजूंना मोहरीसारखी पिवळीधमक कनोलाची शेतं, मैलोन् मैल. एका फाट्यावर आजोबांनी गाडी थांबवायला सांगितली. दूर एक मोडकी लाकडी खोली उभी होती, धान्य ठेवायच्या कोठारासारखी. "तिथे आम्ही राहत होतो," ते म्हणाले. "तेव्हा इथे बीट लावायचे, साखरेचं. आता लावत नाहीत."

"जमीन तुमची होती?"

"नाही. आम्ही निंदणी करायचो. माझी आई, मी आणि दोन बहिणी."

"आणि वडील?"

"ते नव्हते," ते म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. मुग्धाने माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं.

दुपारी मी एकटा डॉ. वाकणकरांकडे गेलो. ठाण्याच्या एका स्नेह्याने पत्ता दिला होता. अडुसष्ट सालापासून तिथे असलेले, आता निवृत्त. त्यांच्या पत्नीने पोहे केले होते, वर ओलं खोबरंसुद्धा. मी मुद्द्यावर आलो: हायाशी म्हणून कुणी ऐकण्यात आहेत का, घराणं कसं आहे? डॉक्टर हसायला लागले.

"अहो, चाळीस वर्षांत मला इथे असं कुणी विचारलं नव्हतं. बॅकग्राउंड चेक जॉबसाठी करतात, जावयासाठी नाही. तुम्ही त्यांनाच सरळ विचारा ना."

"जो लपवतोय त्यालाच काय विचारायचं?"

"मग नका विचारू. पण शेजाऱ्यांकडे वगैरे जाऊ नका हं. इकडे लोकांना ते अजिबात आवडत नाही."

माझ्या बाजूनेही थोडं ऐका. आपल्याकडे स्थळ आलं की चौकशी करायचीच. शेजारी, वाणी, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, सगळ्यांना गोडीत बोलतं करायचं. यात कुणी कुणाचा अपमान मानत नाही. समोरचेही आपल्या दारी तेच करून गेलेले असतात. माझ्या पुतणीच्या वेळी एका चहावाल्याने सांगितलं, की मुलाची पहिली बायको माहेरी बसलेली आहे. तो चहावाला नसता तर पोर बुडाली असती. माझ्या पोटच्या मुलीसाठी मी एवढंही करू नये?

परत आलो तेव्हा शेजारच्या अंगणात ओल्गाबाई शेंगा तोडत होत्या. युक्रेनकडच्या मूळच्या, पंचाहत्तरीच्या, बोलक्या. मी कुंपणाशी गेलो. बागेचं कौतुक केलं. मग एकेक प्रश्न सोडला. हायाशी इथे किती वर्षं आहेत? स्वभावाने कसे? पिणं वगैरे? घरी कोण कोण येतं-जातं? आणि शेवटी, आवाज उतरवून: यांच्याकडे पोलीस कधी आले होते का?

बाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "तुम्ही कुणासाठी विचारताय हे?" त्यांनी विचारलं. मी हसून सारवासारव केली आणि आत आलो. मनात म्हटलं, उत्तर टाळलं म्हणजे काहीतरी आहेच.

रविवार

सकाळी ओल्गाबाई टोपी घालून चर्चला निघाल्या होत्या. आजोबा वाफ्यात होते. त्या कुंपणाशी थांबल्या आणि पाच मिनिटं काही बोलल्या. बोलता बोलता त्यांनी आमच्या खिडकीकडे हात केला. मी पडद्यामागे उभा होतो.

मुग्धा धावत वर आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "बाबा, तुम्ही ओल्गाला काय विचारलंत? पोलिसांचं विचारलंत? सीरियसली? हाऊ कुड यू?" खालून आजोबांनी हाक मारली. हात धुऊन, शर्ट बदलून ते जिन्याशी उभे होते.

"खाली चला," ते म्हणाले. "तुम्हाला तपासणी करायची आहे ना."

बेसमेंटमध्ये त्यांनी फ्रीझर सरकवला, ट्रंक ओढली आणि कुलूप उघडलं. मला खुर्ची दिली, स्वतः उलट्या बादलीवर बसले. आत कागद होते, पत्रांचा एक गठ्ठा. "क्रमाने लावलेली आहेत. तुमचं कामच आहे हे. वाचा," ते म्हणाले.

पत्रं इंग्रजीत होती. त्यांचे वडील व्हँकुव्हरला एका जहाजी कचेरीत कारकून आणि दुभाषी होते, आणि सगळी पत्रं सिएटलच्या एकाच अमेरिकन व्यापाऱ्याची, त्यांना आलेली. या माणसाचा माल दोन्ही बंदरांतून जायचा-यायचा. पहिलं पत्र चार पानी होतं. रेशमाचे गठ्ठे कोरडे पोचले, धन्यवाद. शेवटी लिहिलं होतं, मुलगा चालायला लागला का? तो मुलगा माझ्यासमोर बादलीवर बसला होता.

"जपानचं रेशीम बोटीतून उतरलं की खास गाडीत चढायचं," आजोबा सांगू लागले. "न्यूयॉर्कच्या बायकांच्या पायमोज्यांसाठी. त्या गाडीला वाट द्यायला पॅसेंजर गाड्या बाजूला काढायचे. मी लहानपणी पाहिल्यात. त्या या विनिपेगवरून जायच्या. आणि बोटी परत जाताना कापूस, तेल, भंगार लोखंड घेऊन जायच्या. हा माणूस दर नाताळला आमच्याकडे डुकराची एक मांडी पाठवायचा. बाबा त्याला चहा पाठवायचे."

मी वाचत गेलो. व्यापाराचे कागद वाचायची मला सवय आहे. माल काय आहे यापेक्षा सूर कधी बदलला ते मला लवकर कळतं. जपानने चीनवर स्वारी केल्यानंतरच्या एका पत्रात तो लिहीत होता, की आमच्याकडे लोक म्हणतात, आपण विकलेलं भंगारच तिथे बाँब होऊन पडतंय; मी त्यांना सांगतो, धंदा तो धंदा. पुढच्या वर्षीच्या पत्रात हे वाक्य नव्हतं. मुलाची विचारपूसही नव्हती. मग दोन ओळींची पत्रं, परवाना मिळाल्याशिवाय जहाज भरू नये. मग लोखंड बंद. मग जपानचे पैसे गोठवले, तेल बंद.

"दर वेळी बाबांना वाटायचं, आता तरी कुणीतरी नमतं घेईल," आजोबा म्हणाले. "अमेरिका एक वस्तू बंद करायची, की जपान आणखी दक्षिणेला सैन्य घुसवायचा. मग अमेरिका आणखी एक बंद करायची. दोघांनाही वाटत होतं, समोरचा आधी वाकेल. कचेरीत बसून बाबांना सगळं दिसत होतं. ते काय करणार, कारकून माणूस."

शेवटचं पत्र एका ओळीचं होतं. कृपया यापुढे मला लिहू नये.

ते पत्र आलं त्या वर्षीच डिसेंबरात पर्ल हार्बरवर हल्ला झाला. दोन दिवसांत पोलीस घरी आले. "पण त्याआधी ते शेजाऱ्यांकडे जाऊन आले होते," आजोबा म्हणाले. "समोरच्या बाईंना माझ्या आईने त्यांच्या बाळंतपणात रोज सूप नेऊन दिलं होतं. त्यांनी सांगितलं, यांच्याकडे परदेशातून तारा येतात. खोटं नव्हतं ते. तारा यायच्या. जहाजांच्या."

मी पत्रं पुन्हा पाहिली. कितीतरी शब्दांखाली लाल पेन्सिलीच्या रेघा होत्या. 'पहिल्या प्रतीचा माल'. 'पंधरवड्यात'. 'चहा मिळाला'. पोलिसांनी नेलेली पत्रं बऱ्याच वर्षांनी परत आली ती अशी. साध्या शब्दांत कुणाला तरी संकेत दिसले होते, आणि तेवढ्यावर वडिलांना वेगळं काढून काटेरी तारांच्या छावणीत ठेवलं होतं. मला ते वाचताना लाज वाटली, कारण त्या रेघा मला ओळखीच्या होत्या. माझ्या टेबलावर तशीच पेन्सिल असायची.

"तुम्हीही अशा रेघा मारल्या असतील," आजोबा म्हणाले.

"मालाच्या कागदांवर."

"आणि माणसावर?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं होतं. जिन्यावर मुग्धा येऊन उभी आहे हे मला दिसलं. तरी, का कुणास ठाऊक, मी खरं बोललो. जी गोष्ट मी मंदालाही सांगितली नव्हती ती या परक्या माणसाला सांगितली.

बासष्ट साल होतं. मी बावीस वर्षांचा, नोकरीला लागून वर्ष झालेलं. माझगावला बंदराजवळ एक चिनी मोची होता, आम्हा नव्या अधिकाऱ्यांचे बूट शिवायचा. माझे दोन जोड त्याच्याकडचे. चीनशी युद्ध सुरू झालं आणि साध्या कपड्यातले दोन जण मला भेटायला आले. त्यांनी विचारलं, त्या मोच्याला बाहेरून पत्रं येतात का? मी म्हणालो, येतात. येतच होती. त्याची आई आजारी होती, भाऊ कळवायचा. त्याने मला आईचा फोटो दाखवला होता. तेवढं मी सांगितलं नाही. नोकरी नवी होती, मी घाबरलो. आठवड्याने दुकानाला टाळं दिसलं. राजस्थानात चिन्यांसाठी उघडलेल्या छावणीत नेलं असं कानावर आलं. तो परत आला नाही, आणि मी दुसरीकडे बूट शिवायला टाकू लागलो.

आजोबा बादली सरकवून माझ्याजवळ बसले. रागावलेले दिसत नव्हते. मला वाटतं, ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"त्याचं नाव काय होतं?"

"आम्ही त्याला चिनी म्हणायचो."

"नाव."

मी आठवून पाहिलं. त्याचा चेहरा आठवत होता, ऐरण, तोंडात धरलेले खिळे, फोटोतली ती बाईसुद्धा. नाव आठवेना. "आठवत नाही," मी म्हणालो.

मुग्धा जिना चढून वर गेली. आजोबांनी पत्रं होती त्याच क्रमाने ठेवली आणि ट्रंक बंद केली. कुलूप लावलं नाही.

सोमवार

निघताना मंदाच्या हातात मुळ्याची बरणी दिली गेली. मुग्धा कालपासून माझ्याशी कामापुरतं बोलत होती. लग्न मोडलं तर ते माझ्यामुळे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, फक्त कुणी बोलत नव्हतं. मी आजोबांची माफी मागितली. त्यांनी ती ऐकून घेतली.

मग म्हणाले, "लग्न ऑक्टोबरात करा, थंडी पडायच्या आत. मुग्धाबद्दल मला जे विचारायचं होतं ते मी मुग्धालाच विचारलंय. तुमचं मात्र एक काम राहिलंय. ऑक्टोबरात याल तेव्हा त्या माणसाचं नाव घेऊन या."

मुग्धा माझ्याकडे बघत होती. मी मान डोलावली.

ठाणे

परत येऊन तीन आठवडे झाले. या तीन आठवड्यांत मी पाच वेळा माझगावला गेलो. मोच्याच्या दुकानाच्या जागी मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथल्या पोरांना काही ठाऊक नाही. बेकरीवाल्याने नकारार्थी मान हलवली. एका म्हाताऱ्या बाईंनी खिडकीतून सांगितलं, की होता खरा, बायको होती, लहान मुलगी होती. मुलगी होती हे मला माहीत नव्हतं. नाव त्यांनाही आठवत नव्हतं.

काल गल्लीच्या टोकाला एक वृद्ध शिंपी सापडला. साठ सालापासून तिथेच बसतोय. मी कौतुकाने सुरुवात केली, जुन्या दिवसांचं काढलं आणि मग हळूच विचारलं. त्याचं मशीन थांबलं. त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, आणि त्याला आठवतंय हे मला त्या नजरेवरूनच कळलं.

"इतक्या वर्षांनी त्याचं नाव कशाला पाहिजे?" त्याने विचारलं. "पोलीस आहात? कोणी पाठवलंय तुम्हाला?"

"माझ्या व्याह्यांनी," मी म्हणालो, आणि तो सांगेल तोवर थांबायचं ठरवून त्याच्या दारातल्या बाकावर बसलो.